तराफा, सिद्धान्त आणि संशय : ‘कोन-टिकी’ चित्रपटाचा विचार

१

प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर उभारलेल्या कलाकृतीचे परीक्षण करताना समीक्षेपुढे दोन मोह नेहमीच उभे राहतात. पहिला मोह दप्तरी इतिहासकाराचा होय. कृतीतील प्रत्येक प्रसंग कागदपत्रांशी ताडून पाहावयाचा आणि जेथे तफावत आढळेल तेथे दोषाची खूण करावयाची, ही त्याची रीत. दुसरा मोह सवलत देणाऱ्या रसिकाचा. कलेचे जग स्वायत्त आहे, तेव्हा तेथे इतिहासाची साक्ष काढावयाचीच कशाला, असे म्हणून तो मोकळा होतो. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपासून मराठी समीक्षा ह्या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आली आहे. परंतु जेव्हा कलाकृतीचा विषय नुसती घटना नसून एखाद्या सिद्धान्ताची कसोटी पाहण्यासाठी मुद्दाम योजलेली घटना असते, तेव्हा हे दोन्ही मार्ग अपुरे ठरतात. तेथे घटनेच्या सत्यासत्यतेबरोबरच तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा न्याय हाही कथावस्तूचाच भाग होऊन बसतो. योआकिम रोनिंग आणि एस्पेन सांडबर्ग ह्या नॉर्वेजियन दिग्दर्शकद्वयाचा ‘कोन-टिकी’ (२०१२) हा चित्रपट ह्या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

चित्रपटामागील घटना सुपरिचित आहे. २८ एप्रिल १९४७ रोजी थॉर हेयरडाल हा नॉर्वेजियन संशोधक पाच साथीदारांसह पेरू देशातील कायाओ बंदरातून एका तराफ्यावर बसून पश्चिमेकडे निघाला. हा तराफा बाल्सा नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाच्या नऊ ओंडक्यांचा होता. त्यांतील सर्वांत लांब ओंडका सुमारे ४५ फुटांचा होता. बांधणीत खिळा किंवा तार वापरलेली नव्हती. सारी बांधणी दोरांची होती. १०१ दिवसांत सुमारे ६,९०० किलोमीटर अंतर तोडून ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा तराफा तुआमोतु द्वीपसमूहातील रारोइआ ह्या कंकणद्वीपाच्या प्रवाळभित्तीवर आदळला. सहाही जण सुखरूप उतरले. पॉलिनेशियाची बेटे पश्चिमेकडून, म्हणजे आशियाच्या बाजूने वसली गेली, ह्या प्रचलित मताविरुद्ध ती प्रथम दक्षिण अमेरिकेकडून वसली गेली असे हेयरडालचे प्रतिपादन होते; आणि प्राचीन पेरूवासीयांजवळ एवढा समुद्र ओलांडण्याचे साधनच नव्हते, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. ह्या आक्षेपाला उत्तर म्हणून ही सफर योजलेली होती.

तिच्यावरील हेयरडालचे पुस्तक १९४८ साली निघाले व जगभर वाचले गेले. सफरीत घेतलेल्या चित्रणावरून सिद्ध केलेल्या १९५० सालच्या अनुबोधपटास १९५२ च्या समारंभात ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यानंतर साठ वर्षांनी हीच कथा कथापटाच्या रूपाने अवतरली. नॉर्वेत तोपर्यंत निघालेल्या चित्रपटांमध्ये तो सर्वांत खर्चिक ठरला. नॉर्वेजियन व इंग्रजी अशा दोन भाषांत तो एकाच वेळी चित्रित करण्यात आला, आणि परभाषी चित्रपटांच्या विभागात ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले. म्हणजे एकच सफर ग्रंथ, अनुबोधपट आणि कथापट अशा तीन रूपांत उपलब्ध आहे. त्यांपैकी तिसऱ्या रूपाने पहिल्या दोहोंचे काय केले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

कथापटकाराने मूळ वृत्तान्तात फेरफार केले म्हणून त्याला दोषी ठरविण्याचे कारण नाही. भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. केवळ इतिवृत्त सांगितल्याने कवीचे प्रयोजन सिद्ध होत नाही, ते कार्य इतिहासाकडूनच पार पडते, असा आनंदवर्धनाचा अभिप्राय आहे. परंपरेने आलेल्या कथेत एखादी स्थिती रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ती टाकावी व रसोचित अशी दुसरी कल्पून कथा पुढे न्यावी, अशी मुभा त्याने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात स्पष्टपणे दिली आहे. कुंतकाने ह्याच व्यापाराला प्रकरणवक्रतेत स्थान दिले. महाभारतातील शकुंतलाख्यानात नसलेला दुर्वासाचा शाप कालिदासाने आणला, तो ह्याचा प्रसिद्ध दाखला. त्या एका शापाने दुष्यंताचे विस्मरण नीचतेच्या पातळीवरून दैवगतीच्या पातळीवर गेले, आणि सबंध नाटकाचा तोल सावरला.

ह्या विचारातून एक कसोटी हाती येते. फेरफार झाला की नाही हा प्रश्न गौण होय. फेरफाराने कथेतील मूळ अर्थ उजळला की मालवला, हा खरा प्रश्न आहे. दुर्वासाच्या शापाने शाकुंतलाचा आशय सखोल होतो, म्हणून तो फेरफार वंद्य ठरतो. ‘कोन-टिकी’तील फेरफार ह्याच तराजूत घालून पाहावयास हवेत, आणि त्यासाठी त्या सफरीचा मूळ अर्थ कोणता, हे आधी निश्चित करणे क्रमप्राप्त आहे.

३

ती सफर कशाची कसोटी होती? तर्काच्या दृष्टीने पाहता तिने एकच गोष्ट सिद्ध केली. बाल्सा लाकडाचा तराफा पेरूच्या किनाऱ्यापासून पॉलिनेशियापर्यंत टिकू शकतो, ही ती गोष्ट. हे लाकूड पाणी शोषून काही आठवड्यांत बुडेल आणि ओंडक्यांच्या घासण्याने दोर तुटतील, असे जाणते लोक सांगत होते. प्रत्यक्षात ताज्या तोडलेल्या ओंडक्यांतील रसामुळे पाणी आत शिरण्यास अटकाव झाला. लाकूड मऊ असल्यामुळे दोरच त्यात रुतून बसले व घासण्यापासून सुरक्षित राहिले. कठीण लाकूड वापरले असते तर दोर खरोखरच झिजले असते. जी गोष्ट दुबळेपणाची म्हणून दाखविली जात होती तीच टिकावाचे कारण ठरली. हा निष्कर्ष मौल्यवान होता, व तो समुद्रावर गेल्यावाचून मिळण्यासारखा नव्हता.

परंतु येथून ‘म्हणून पॉलिनेशियन लोक पेरूतून आले’ ह्या विधानापर्यंत जाता येत नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘जाता येते’ हा हेतू ‘गेले होते’ ह्या साध्याच्या बाबतीत अनैकांतिक आहे. लोक गेले असोत वा नसोत, जाता येणे दोन्ही पक्षी संभवते. सफरीने आक्षेपाचे खंडन केले; सिद्धान्ताचे मंडन तिने केले नाही. शिवाय तिच्या अटीही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पेरूच्या नौदलाच्या बोटीने तराफा किनाऱ्यापासून सुमारे पन्नास मैल ओढून नेऊन सोडला होता. तराफ्यावर बिनतारी यंत्र, डबाबंद अन्न आणि आधुनिक नौकानयनाची उपकरणे होती. तराफ्याची दिशा राखण्यासाठी प्राचीन लोक ओंडक्यांच्या फटींतून पाण्यात ज्या फळ्या सोडीत, त्यांचा उपयोग हेयरडालच्या मंडळींना त्या वेळी नीट साधलेला नव्हता. तो १९५३ साली इक्वेडोरच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगांत उमगला.

पुस्तकातील हेयरडालला आपल्या साधनाविषयी शंका येते, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. ओंडक्याची भिजलेली ढलपी गुपचूप तोडून ती पाण्यात सोडणारा आणि ती बुडत जाताना पाहणारा माणूस तो स्वतःच आहे. आणि पुढे इतरांनाही हाच प्रयोग चोरून करताना तो पाहतो. सहा माणसे एकमेकांपासून लपवून एकच शंका बाळगीत आहेत आणि तरीही तराफा चालवीत आहेत, ह्या प्रसंगात त्या सफरीचे खरे नाट्य साठविलेले आहे. संशय आणि धैर्य ह्या दोन परस्परविरोधी वृत्ती नसून त्या एकाच मनात नांदू शकतात, किंबहुना कसोटी ह्या शब्दाला त्यामुळेच अर्थ प्राप्त होतो, हा त्या अनुभवाचा गाभा होय.

४

पेटर स्काव्लान ह्यांच्या पटकथेने नेमके ह्याच ठिकाणी शस्त्र चालविले आहे. तिने श्रद्धा व संशय ह्यांची फाळणी करून त्या दोहोंना वेगवेगळ्या माणसांच्या अंगी चिकटविले. सारी श्रद्धा हेयरडालच्या वाट्याला आली. पोल स्वेर हागेन ह्यांनी रंगविलेला हा नायक उंच, निळ्या डोळ्यांचा, हसतमुख आणि जवळजवळ संतपदाला पोचलेला आहे. लहानपणी बर्फाळ पाण्यात बुडता बुडता वाचलेला, पोहता न येणारा हा माणूस महासागरावर निघतो आणि एकदाही मनातून डळमळत नाही. सारा संशय मात्र हेर्मान वाट्झिंगर ह्या अभियंत्याच्या वाट्याला गेला. चित्रपटातील वाट्झिंगर स्थूल, भित्रा आणि शीतकपाटे विकणारा असा आहे. तो दोरांविषयी सतत काळजी करतो. गुपचूप बरोबर आणलेल्या पोलादी तारेने ओंडके बांधावेत म्हणून तो नायकाची विनवणी करतो. नायक श्रद्धेचा उपदेश करून ती तार समुद्रात फेकून देतो. महाकाय देवमुशीला भाल्याने डिवचून सर्वांचा जीव धोक्यात घालणाराही तोच.

इतिहासातील वाट्झिंगर निराळा होता. तो उष्णतागतिकीचे शिक्षण घेतलेला अभियंता होता. मोहिमेत हेयरडालच्या खालोखाल त्याचे स्थान होते. हवामानाची व समुद्रप्रवाहाची मोजमापे त्याच्याकडे सोपविलेली होती. देवमुशीवर भाला मारला तो एरिक हेसेलबर्गने. वाट्झिंगर समुद्रात पडला आणि क्नुट हाउग्लानने उडी घालून त्याला वाचविले, एवढे मात्र घडलेले आहे. त्याच्या कन्येने ह्या चित्रणाला जाहीर हरकत घेतली. दिग्दर्शकांच्या बाजूने असे म्हणता येईल की, सहा कणखर माणसे एकोप्याने समुद्र ओलांडतात, एवढ्या वृत्तान्तात संघर्षाला वाव नाही, आणि संघर्षावाचून दोन तासांचे नाटक उभे राहत नाही. हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. आनंदवर्धनाची मुभा त्यांनाही लागू आहे.

परंतु त्या मुभेची अट येथे पाळली गेली काय? ज्याचे काम मोजण्याचे होते, ज्याच्या हाती ह्या प्रयोगाचा शास्त्रीय भाग होता, त्यालाच पटकथेने भ्याड बनविले. त्यामुळे एका मृत व्यक्तीवर अन्याय झाला, ही गोष्ट गंभीर आहेच. परंतु कलादृष्ट्या ह्याहून मोठा अनर्थ असा की, शंका घेणे म्हणजे कच खाणे आणि विश्वास ठेवणे म्हणजे पराक्रम, असे समीकरण चित्रपटाच्या रचनेत कायमचे बसले. चित्रपटातील हेयरडालला आपल्या सिद्धान्ताची कसोटी घ्यावयाचीच नाही. त्याला तो सिद्ध झालेला दाखवावयाचा आहे. ज्याचा निकाल मनात आधीच लागलेला आहे, त्या परीक्षेला परीक्षा म्हणता येत नाही. तिला फार तर व्रत म्हणता येईल. व्रताची कथा सांगण्यास हरकत नाही. मात्र ती प्रयोगाची कथा म्हणून सांगता येणार नाही. दुर्वासाच्या शापाने दुष्यंताला सावरताना शकुंतलेला खाली आणले नाही. येथे नायकाची उंची दुसऱ्याला खड्ड्यात उभे करून वाढविली आहे. अशी उंची टिकाऊ नसते. उत्तरार्धात नायकाचा चेहरा जो गुळगुळीत व निर्विकार वाटू लागतो, त्याचे कारण हागेन ह्यांच्या अभिनयात शोधण्यापेक्षा ह्या फाळणीत शोधणे युक्त होईल. संशय काढून घेतलेल्या पात्राला अभिनयाने भरून काढावे असे अंतरंगच उरत नाही.

ह्याला एक अपवाद आहे, आणि तो चित्रपटाच्या श्रेयाचा भाग आहे. पत्नी लिव्ह हिच्याशी असलेले नायकाचे संबंध दाखविताना दिग्दर्शकांची दृष्टी अधिक प्रौढ होते. फातू हिवा बेटावर १९३७ साली ह्या दोघांनी मिळूनच त्या साऱ्या कल्पनेचा प्रारंभ केला होता. पूर्वज पूर्वेकडून आले, ही आख्यायिका वृद्ध तेई तेतुआकडून ऐकताना ती त्याच्याबरोबर होती. पुढे सिद्धान्त त्याचा एकट्याचा झाला, आणि मुलांसह ती मागे राहिली. अखेरच्या भागात तिचे पत्र आल्यानंतर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या विजयी नायकाभोवती जी रिकामी जागा जाणवते, तेथे चित्रपट प्रथमच विचारतो, की ह्या अढळ निष्ठेची किंमत कोणी दिली? हाच प्रश्न सिद्धान्तालाही विचारला असता तर चित्रपटाची योग्यता निराळी झाली असती.

५

दृश्यरचनेच्या दृष्टीने चित्रपटाचे सामर्थ्य वादातीत आहे. गेयर हार्टली आंद्रेआसेन ह्यांच्या छायालेखनात समुद्र हे एक पात्र झाले आहे. रात्री पाण्यातून उजळणारे जीव, तराफ्याखालून सरकत जाणारी देवमुशीची प्रचंड पाठ आणि कॅमेरा तराफ्यावरून उचलला जाऊन मेघांपलीकडे, पृथ्वीपलीकडे नक्षत्रमंडलात जातो व पुन्हा त्या चिमुकल्या चौकोनावर उतरतो तो दीर्घ क्षण, ह्यांनी अद्भुताचा परिपोष होतो. माणसाचे क्षुद्रत्व आणि त्याची हिंमत ही एकाच चौकटीत सामावण्याची किमया येथे साधलेली आहे.

तथापि १९५० चा अनुबोधपट शेजारी ठेवला म्हणजे ह्या सामर्थ्याची मर्यादाही ध्यानात येते. तो अनुबोधपट तांत्रिकदृष्ट्या कच्चा आहे. चित्रे थरथरतात, प्रकाश कमीअधिक होतो, आणि महत्त्वाचे बरेच काही त्यात नाहीच. कारण संकटाच्या वेळी सर्वांचे हात दोर ओढण्यात गुंतलेले असत. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ ह्याने ह्या उणिवांतच त्या चित्रपटाचे महत्त्व पाहिले. जे चित्रित होऊ शकले नाही त्याच्या अभावातूनच त्या क्षणांचा धोका प्रत्ययास येतो, असे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. अनुबोधपटातील खंडित तुकडा हा प्रसंगाचा अवशेष असतो. उत्खननात सापडलेल्या खापराप्रमाणे तो अपुरा असतो, आणि अपुरा असल्यामुळेच विश्वसनीय असतो.

२०१२ चा चित्रपट ही सारी रिकामी जागा भरून काढतो. संगणकाने निर्मिलेले शार्क योग्य वेळी योग्य कोनातून येतात. इतिहासात एका लाटेबरोबर नाहीसा झालेला पोपट येथे शार्कच्या तोंडी पडतो, आणि त्याच्या मृत्यूचा सूड घेतला जातो. सर्व काही दिसते. म्हणून काहीच अनुमानावर राहत नाही. प्रेक्षकाला निष्कर्ष काढावा लागत नाही, तो त्याच्या पुढ्यात वाढलेला असतो. कथेच्या अंगाने संशय बाद झाला, त्याचप्रमाणे दृश्याच्या अंगानेही तो बाद झाला. ह्या दोन गोष्टींचा मेळ आकस्मिक नाही. दोहोंच्या मागे प्रेक्षकाची एकाच प्रकारची खातरी पटवून देण्याची घाई आहे.

६

चित्रपटातील मौनाचाही विचार करणे आवश्यक आहे. हेयरडालचा सिद्धान्त चित्रपटात सांगितला जातो त्यापेक्षा बराच अधिक गुंतागुंतीचा व बराच अधिक आक्षेपार्ह होता. पेरूतून गेलेले आद्य संस्कृतिप्रसारक हे गोऱ्या वर्णाचे, दाढीधारी लोक होते, आणि कोन-टिकी हा त्यांचा नेता होता, असे त्याचे म्हणणे होते. दुसरी लाट उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून आली असेही त्याने मानले होते. १९५२ सालच्या आपल्या बृहद्ग्रंथात त्याने हे विस्ताराने मांडले. बेटांवरील भव्य शिल्पे व देवस्थाने तेथल्या लोकांच्या पूर्वजांनी स्वबळावर निर्माण केली असतील ह्याविषयीचा अविश्वास ह्या मांडणीच्या मुळाशी होता, असा आरोप पुढील अभ्यासकांनी तिच्यावर केला आहे. चित्रपटाने ह्या भागाला स्पर्शच केलेला नाही. त्यामुळे नायक निष्कलंक राहिला; परंतु तज्ज्ञांचा विरोध हा केवळ पुस्तकी पंडितांचा आडमुठेपणा होता, असा समज दृढ झाला.

वस्तुतः त्या विरोधाला सबळ आधार होते. भाषाशास्त्राचा पुरावा तर डोळ्यांपुढे होता. हवाईतील, सामोआतील व ताहितीपासून न्यूझीलंडपर्यंतच्या भाषा एका कुळातील आहेत, आणि ते कूळ पश्चिमेकडे मलाया, फिलिपीन्स व थेट मादागास्करपर्यंत पसरले आहे. पाच ह्या संख्येचा ‘लिमा’ हा शब्द सामोअन व मलय ह्या दोन्ही भाषांत एकच आहे. पेरूतील केचुआ भाषेशी असे नाते दाखविता येत नाही. हेयरडालचा ग्रंथ निघाला त्याच १९५२ साली न्यू कॅलेडोनियातील लापिता येथे उत्खनन झाले, आणि तेथील नक्षीदार खापरांनी एका पूर्वगामी प्रवासाचा माग दिला. सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी बिस्मार्क द्वीपसमूहात दिसू लागलेली ही खापरे काही शतकांत टोंगा व सामोआपर्यंत पोचतात. तेथून पूर्व पॉलिनेशियाची वसाहत बऱ्याच उशिरा, इसवी सनाच्या अकराव्या ते तेराव्या शतकांच्या आसपास झाली, असे आजचे सर्वसाधारण मत आहे.

व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर पश्चिमेकडून कोणी जाईल कसे, हा हेयरडालचा आवडता मुद्दा होता. परंतु वर्षाच्या काही महिन्यांत हे वारे मंदावतात व पश्चिमेचे वारे सुटतात, हे ताहितीचा जाणता तुपाइआ ह्याने कॅप्टन कुकला १७६९ मध्येच सांगितले होते. शिवाय अज्ञात समुद्रात वाऱ्याविरुद्ध जाणे हेच शहाणपणाचे असते. कारण भूमी न सापडल्यास वारा परत घरी आणून सोडतो. ही गोष्ट कोकणच्या कोळ्यालाही पटण्यासारखी आहे. वाऱ्याबरोबर जाणाऱ्याला परतीची हमी नसते. हेयरडालचा तराफा ज्या अर्थाने गेला त्या अर्थाने माणसे भरकटत जातात. वसाहत करण्यास मात्र जाणेयेणे लागते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासाने हवाई, न्यूझीलंड व ईस्टर ही दूरची बेटे केवळ भरकटण्याने वसणे जवळजवळ अशक्य होते असे दाखविले. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडनौका मायक्रोनेशियातील माउ पिआइलुग ह्या नाविकाने कोणतेही उपकरण न वापरता, तारे, लाटा व पक्षी ह्यांच्या साहाय्याने हवाईहून ताहितीस नेली. तीही कसोटीची सफर होती, आणि तिनेही केवळ शक्यताच सिद्ध केली. परंतु तिच्यातील मुख्य पुरावा साधनाचा नव्हता, विद्येचा होता. आणि ती विद्या त्याच महासागरातील लोकांजवळ जिवंत होती. ‘कोन-टिकी’ चित्रपटात द्वीपवासी येतात ते प्रारंभी आख्यायिका सांगण्यापुरते आणि शेवटी स्वागत करण्यापुरते. त्यांच्या पूर्वजांचा प्रश्न असूनही त्यांना त्यात पक्षकार म्हणून स्थान नाही.

ह्याचा अर्थ हेयरडालचे सारेच चुकले असा नव्हे. रताळे हे मुळात अमेरिकेतील कंद असून युरोपीय जहाजे येण्यापूर्वीच ते पॉलिनेशियात लावले जात होते. कुक बेटांतील मांगाइआ येथे मिळालेले त्याचे जळके अवशेष सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात, आणि त्याचे ‘कुमारा’ हे नाव केचुआ शब्दाशी जुळते. २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या संशोधनाने इसवी सन १२०० च्या सुमारास पूर्व पॉलिनेशियन व अमेरिकेतील आदिवासी ह्यांचा संकर झाल्याचे दाखविले. त्याची सर्वांत जुनी खूण दक्षिण मार्केसास बेटांत, म्हणजे फातू हिवा ज्यांत मोडते त्याच बेटांत आढळली. संपर्क झाला होता. मात्र त्यामुळे मूळ वसाहत अमेरिकेची ठरत नाही. महाराष्ट्रात रताळे उपवासाला चालते, नव्हे, उपवासाचे म्हणूनच ओळखले जाते. एवढ्यावरून मराठी लोक पेरूतून आले असे कोणी म्हणणार नाही. वनस्पतीचा प्रवास, शब्दाचा प्रवास आणि लोकसमूहाचा प्रवास ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माओरी पंडित ते रांगी हिरोआ, म्हणजेच पीटर बक, ह्यांनी १९३८ सालीच अशी अटकळ बांधली होती, की कोणी पॉलिनेशियन दर्यावर्दी अमेरिकेपर्यंत जाऊन रताळे घेऊन परत आला असावा. प्रवासाची दिशा त्यांनी हेयरडालच्या उलट मानली होती, आणि आज ती शक्यता अनेक अभ्यासकांना अधिक पटते. सिद्धान्त पडला, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न राहिला. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्ञान पुढे गेले. विज्ञानाच्या इतिहासात हे भाग्य थोड्याच चुकांना लाभते.

७

सिद्धान्ताच्या ह्या उत्तरचरित्राचा समावेश चित्रपटाने करावयास हवा होता, असा आग्रह धरणे अप्रस्तुत होईल. कथापट म्हणजे प्रबंध नव्हे. परंतु ह्या उत्तरचरित्रामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. हेयरडालच्या सफरीची थोरवी तो बरोबर होता ह्यावर अवलंबून नव्हती. मतासाठी माणसे प्राण पणाला लावतात, हे नवे नाही. चुकीच्या मतांसाठीही लावतात. त्या सहा जणांचे वैशिष्ट्य असे की, ढलपी बुडते हे दिसत असता त्यांनी तराफा सोडला नाही, आणि ढलपी बुडतच नाही असे स्वतःला सांगितलेही नाही. त्यांनी ती पाहिली, मनात नोंदविली आणि पुढचा दिवस काढला. पटकथेने हे ढलपीचे सत्य एका भित्र्या माणसाच्या कुरकुरीत रूपांतरित केले, आणि विजय मिळवून देताना नायकाचे खरे शौर्य त्याच्याकडून काढून घेतले.

म्हणून ‘कोन-टिकी’वरील मुख्य आक्षेप तो इतिहासाशी प्रामाणिक नाही हा नव्हे. ज्या कृतीतून तो जन्मला तिच्या स्वरूपाशी तो प्रामाणिक नाही, हा आहे. साहसपट म्हणून तो देखणा व परिणामकारक आहे, आणि समुद्राचे असे दर्शन चित्रपटसृष्टीत वारंवार घडत नाही. परंतु कसोटीची कथा सांगावयाची तर कसोटीचा निकाल अनिश्चित ठेवण्याचे धैर्य दिग्दर्शकांजवळ हवे. संशोधनाच्या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र पाहताना हेयरडालच्या प्रसन्न मुद्रेपेक्षा वाट्झिंगरच्या हातातील त्या तारेकडे अधिक लक्ष द्यावे. ती तार समुद्रात फेकली गेली, आणि तिच्याबरोबर कसोटी ह्या शब्दातील अर्धा अर्थही बुडाला.